घोरणं मध्येच थांबतं, श्वासही थांबतो: घरात कुणाला झोपेचा असा त्रास आहे का?

मृण्मयी_नारो | ६ जून, रात्री ११:५२

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते. थोडं लांबेल.

माझे यजमान ४६ वर्षांचे. सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरी, रोज नाशिकरोडहून गाडीने ये-जा. लग्नाला १९ वर्षं झाली आणि घोरणं पहिल्या दिवसापासून आहे. घरात त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. सासूबाई कौतुकाने सांगायच्या, "दमून येतो गं. पडल्या पडल्या डोळा लागतो, कशी गाढ झोप लागते बघ." मलाही ते खरंच वाटायचं.

गेल्या महिन्यात सिन्नरहून येताना मोहदरी घाट उतरल्यावर, शिंद्याच्या टोलनाक्याच्या अलीकडे, गाडी दुभाजकाला घासली. संध्याकाळचे साडेसहा, लख्ख उजेड, रस्ता मोकळा. उजव्या बाजूचा पत्रा पार सोलवटला, माणूस देवाच्या कृपेने सुखरूप. "डोळा कधी लागला कळलंच नाही," एवढंच ते सांगू शकले.

त्या रात्री मला झोप येईना, म्हणून त्यांच्याकडे बघत बसले. आधी नेहमीचं घोरणं, चढत चढत जाणारं. मग एकदम बंद. मला वाटलं, चला, थांबलं एकदाचं. पण छाती हलत होती, पोट आत-बाहेर होत होतं आणि नाकाखाली बोट धरलं तर हवाच नाही. मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. २२ सेकंद. मग असा हिसका देऊन श्वास घेतला, विहिरीत बुडी मारलेला माणूस वर येतो तसा. डोळे मिटलेलेच. कूस बदलली, पुन्हा घोरणं सुरू. तासभर वहीत रेघा मारत मोजलं. ३१ वेळा. सगळ्यात लांबला तो ३८ सेकंदांचा.

सकाळी विचारलं, झोप कशी लागली? म्हणाले, "मस्त."

आता मागे वळून बघते तर एकेक गोष्ट जुळतेय. सकाळी डोकं जड. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं (शुगर तपासली, नॉर्मल). बीपीच्या दोन गोळ्या चालू, तरी १५० च्या खाली येत नाही. मुलाच्या शाळेतल्या पालकसभेत बसल्या बसल्या पेंगले. आणि चिडचिड. या चिडचिडीवरून गेली दोन-तीन वर्षं मी त्यांच्याशी किती भांडले असेन, ते आठवून आता फार वाईट वाटतं.

नाक-कान-घसावाल्यांकडे जायचं की छातीच्या डॉक्टरांकडे? तपासणी काय असते? आणि झोपेचे इतर त्रास असलेल्यांनीही लिहा. आपल्याकडे यावर कुणी बोलतच नाही.

पंचगंगाकाठ | ७ जून, सकाळी ६:१५

ताई, अजिबात थांबू नका. आमच्या थोरल्या काकांचं हेच होतं. वाड्यात सगळी त्यांच्या घोरण्याची नक्कल करायची, मीही केलीय. ५८ व्या वर्षी झोपेतच पक्षाघात झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे घोरायचे का?" त्या दिवसापासून नक्कल बंद.

प्राणवायू | ७ जून, दुपारी २:४०

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे, असे रुग्ण रोज बघतो. इथे बसून निदान करता येत नाही, पण मृण्मयीताईंनी जे टिपलंय ते केस पेपरवरही सहसा इतकं नीट मिळत नाही. ती वही घेऊन जा. शक्य असेल तर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओही काढा.

लक्षणं ज्या आजाराकडे बोट दाखवतात त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. जागेपणी घशाचे स्नायू श्वासाची वाट उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ खाली येते. अरुंद झालेल्या वाटेतून हवा जाताना हे मऊ भाग फडफडतात, त्याचा आवाज म्हणजे घोरणं. वाट पूर्ण मिटली की आवाजही बंद आणि हवाही बंद. छाती-पोट जोर लावत राहतात, म्हणून तुम्हाला ती हलताना दिसली. रक्तातला ऑक्सिजन उतरत जातो आणि शेवटी मेंदू काही सेकंदांपुरता जागा होऊन स्नायू आवळतो. तोच तो हिसका. रुग्णाला यातलं काही आठवत नाही, म्हणून सकाळी "मस्त" असं उत्तर येतं.

पण शरीराला सगळं कळत असतं. प्रत्येक हिसक्याला रक्तदाब उसळतो आणि हे रात्रभर चालतं. औषधांना दाद न देणारं बीपी, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात यांच्याशी या आजाराचं नातं पक्कं आहे. लघवीचंही कारण इथेच आहे. बंद वाटेविरुद्ध श्वास ओढताना छातीत ताण येतो, हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि लघवी वाढवणारं एक हार्मोन स्रवतं. लोक प्रोस्टेट तपासतात, शुगर तपासतात, आणि घोरण्याबद्दल कुणी विचारत नाही.

तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात. डोक्याला, छातीला, बोटाला, नाकाशी सेन्सर लावून रात्रभराची नोंद घेतात. ती लॅबमध्ये होते, काही रुग्णांची घरीही करता येते. किमान १० सेकंद श्वास थांबला किंवा फारच उथळ झाला की एक घटना धरतात. तासाला ५ पर्यंत ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. सुरुवात छातीच्या किंवा नाक-कान-घशाच्या, कोणत्याही डॉक्टरांकडे करा, पण झोपेच्या आजारांचं काम करणारे आहेत का हे आधी फोनवर विचारा.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ साली प्रसिद्ध केला. झोपेत श्वासाचा बिघाड १९.५ टक्के जणांत आढळला, आणि दिवसा झोप येण्यासकट पूर्ण आजार ७.५ टक्के जणांत.

एक विनंती मात्र कळकळीची. उपचार सुरू होऊन दिवसाची पेंग जाईपर्यंत त्यांना गाडी चालवू देऊ नका. कंपनीची बस, सहकाऱ्याची गाडी, काहीही चालेल.

सूर्यनमस्कार१२ | ७ जून, रात्री ९:०५

डॉक्टरांबद्दल आदर आहे, पण एकदा स्लीप स्टडी केली की रात्री मास्क लावून हवा देणारं मशीन गळ्यात पडतं आणि ते जन्मभराचं होतं. मी स्वतः ९४ किलोवरून ७९ वर आलो. रोज सकाळी चालणं, सूर्यनमस्कार, रात्रीचं जेवण साडेसातला. घोरणं जवळजवळ गेलं. आधी हे सहा महिने करून बघा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

प्राणवायू | ८ जून, सकाळी ७:३०

सूर्यनमस्कार, १५ किलो उतरवलेत, मनापासून अभिनंदन. वजनाचा उपयोग होतोच. १० टक्के वजन उतरलं तर श्वास थांबण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्शाने कमी होतं, असा अभ्यास आहे. आता हिशेब करा. ताईंनी तासाला ३१ मोजलेत. त्यातले पाव गेले तरी २३ उरतात, आणि तो माणूस ते सहा महिने रोज घाटातून गाडी आणणार आहे. शिवाय झोप मोडत असली की भूक वाढवणारी हार्मोन्स चढतात, दिवसभर अंगात त्राण नसतं, वजन उतरवणंच अवघड जातं. दोन्ही बरोबर करायचं. पुढे वजन उतरलं की पुन्हा स्टडी करतात, काहींचं मशीन सुटतंही.

सौम्य त्रासात कुशीवर झोपण्याचाही फायदा होतो. बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवायचा, माणूस आपोआप उताणा होत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही घशाचे स्नायू आणखी ढिले करतात, तेव्हा घोरणाऱ्याने आपल्या मनाने झोपेची गोळी कधीही घेऊ नये.

शमिका_ठाणे | ८ जून, सकाळी ११:२०

हे जाड पुरुषांचं दुखणं आहे हा समज कृपा करून सगळ्यांनी डोक्यातून काढा. माझं वय ५३, वजन ५६ किलो. घोरते, पण फार मोठ्याने नाही. पाळी थांबल्यानंतर सतत थकवा, सकाळी डोकं दुखणं, रात्री तीनला टक्क जाग. सगळ्यांनी सांगितलं, वयाचं आहे, मन रमव. थायरॉईड झालं, बी-१२ झालं, नैराश्याच्या गोळ्या झाल्या. चार वर्षांनी एका डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, माझा लहानसा मागे असलेला जबडा बघितला आणि स्टडीला पाठवलं. तासाला २६ निघाले. बाईला झोप नाही म्हटलं की आधी "टेन्शन घेऊ नकोस" हेच ऐकू येतं. माझी चार वर्षं त्यात गेली.

गोधडी | ८ जून, रात्री १०:१०

डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्यांचं काढलं म्हणून लिहिते. आमचं उलट, झोपच न येण्याचं.

बाबा गेल्यानंतर आईची झोप उडाली. सोलापुरात एकटी, तेव्हा वय ६१. कुणीतरी अल्प्राझोलाम लिहून दिली, १५ दिवसांसाठी. ती सात वर्षं चालली. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. ही गोळी शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषधयादीतली आहे, दुकानदाराला चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि २०१४ पासून प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. आईला ती कोपऱ्यावरच्या दुकानात नुसती रिकामी पट्टी दाखवून मिळायची. गेल्या वर्षी पहाटे बाथरूमला जाताना तोल जाऊन पडली, मनगट मोडलं. तेव्हा आम्हाला कळलं की गोळीची गुंगी सकाळपर्यंत असायची.

माझ्या भावाने रागाने गोळ्या फेकून दिल्या. तसं कुणी करू नका. तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही, हात थरथरायला लागले. मग मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी गोळी एकदम न थांबवता चार महिन्यांत थेंबाथेंबाने उतरवली आणि बरोबर झोपेची वर्तनोपचार पद्धत सुरू केली. मला वाटलं होतं गप्पागोष्टी असतील. ते चक्क वेळापत्रक निघालं.

आई साडेआठला मालिका संपली की आडवी व्हायची. दोनला जाग, मग सहापर्यंत कुशी बदलणं. अंथरुणात साडेनऊ तास, झोप जेमतेम पाच-साडेपाच. डॉक्टर म्हणाले, "आजी, तेवढंच पीठ मोठ्या परातीभर थापलंत तर भाकरी पातळ होणारच." तिला साडेअकरापूर्वी अंथरुणावर पाय ठेवायला बंदी, आणि सकाळी साडेपाचला उठायचं, झोप झालेली असो वा नसो. दुपारची झोप बंद. झोप येत नसेल तर पंधरा-वीस मिनिटांत उठून खुर्चीत बसायचं. ती खुर्चीत बसून वाती वळायची, मंद दिव्यात. मी फोन केला की सांगायची, आज चाळीस वळल्या, आज पंचवीस. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "काल एकही नाही वळली गं." मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत साडेदहापर्यंत आणलं.

पहिले दोन आठवडे फार वाईट जातात, हे लपवणार नाही. रोज फोनवर रडायची.

तुषार_हिं | ९ जून, पहाटे ५:३५

आत्ताच घरी आलो. हिंजवडीत सहा वर्षं रात्रपाळी, अमेरिकेचा क्लायंट.

आमच्यासारख्यांचं दुखणं वेगळं आहे. झोप येत नाही असं नाही, शरीराला नको त्या वेळी मागावी लागते. शरीराच्या घड्याळाच्या यंत्रणेवर २०१७ चं नोबेल मिळालं (हॉल, रॉसबॅश, यंग), ते वाचल्यावर समजलं की हे घड्याळ मनाच्या निग्रहाने सरकत नाही, ते उजेडावर चालतं. पहाटे उगवता सूर्य बघत यायचो, घरी येऊन दूधवाला, कुकरच्या शिट्ट्या, समोरचं बांधकाम, आणि साडेनऊला पडायचो. चार तासांत उठून बसायचो.

दोन वर्षांपूर्वी बाईकवर येताना भूमकर चौकात सिग्नलला उभ्या उभ्या झोप लागली, पाय सटकला आणि बाईकसकट आडवा झालो. मागचा रिक्षावाला वेळेत थांबला म्हणून आहे. नंतर एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाबद्दल वाचलं, १९९७ चा. सलग १७ तास जागं राहिलेल्याची अवस्था रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, २४ तासांनंतर ०.१० टक्के. आपल्या कायद्यात वाहनचालकाची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबही न घेता मी रोज त्या मर्यादेपुढे गाडी चालवत होतो.

आता काय करतो: बाईक बंद, फक्त कॅब. परतीच्या वाटेवर गडद गॉगल. खिडकीला जाड काळं कापड, दारावर चिठ्ठी. रात्री दोननंतर चहा नाही. दुपारी निघण्याआधी तासभर आणखी झोप. यामुळे सहा तास मिळतात. पण लेकीला फक्त रविवारी शुद्धीत भेटतो, आणि त्यावर अजून मार्ग सापडलेला नाही. दिवसपाळीसाठी अर्ज केलाय, पगार कमी होईल.

गोधडी | ९ जून, सकाळी ८:००

तुषार, दिवसपाळी घे. बाकीचं बघता येतं.

अंबानगरी | ९ जून, दुपारी १:१५

अमरावतीहून. माझा त्रास सांगितला की लोकांना खोटा वाटते. रात्री आडवं झालं की पिंडऱ्यांत आतून काहीतरी वळवळते. दुखणं नाही, मुंग्या नाही, पाय हलवल्याशिवाय राहवतच नाही असं. उठून चाललं की थांबते, पडलं की परत. गरोदरपणात सातव्या महिन्यात सुरू झालं. सासूबाई बिचाऱ्या रात्री रात्री पाय दाबून देत. बाळंतपणानंतरही गेलं नाही तेव्हा डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह सांगणारी रक्ततपासणी) तपासलं, ९ निघालं. हिमोग्लोबिन ११.८ होतं, म्हणून आधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर, गोळीच्या आगेमागे चहा बंद. तीन महिन्यांनी रात्री नीट झोपले.

प्राणवायू | ९ जून, रात्री ९:४५

अंबानगरी, याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. या आजारात फेरिटिन ७५ पेक्षा कमी असेल तर लोह द्यावं असं मानतात, आणि लॅबच्या कागदावर मात्र ३० सुद्धा "नॉर्मल" छापून येतं. तेव्हा आकडा डॉक्टरांना दाखवा. किडनीच्या रुग्णांतही हे बरंच दिसतं. सर्दीच्या, उलटीच्या काही गोळ्यांनी वाढतं.

कुडाळची_चेडू | १० जून, रात्री १२:२०

भीत भीत विचारते. हॉस्टेलवर असताना पहाटे जाग यायची, डोळे उघडे, खोली दिसायची, पण हात-पाय हलत नाहीत, ओरडता येत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटायचं. गावी आजीने दृष्ट काढली, अंगारा लावला. रूममेट घाबरून खोली बदलून गेली. हे काय असतं?

प्राणवायू | १० जून, सकाळी ७:१०

घाबरू नका, याला स्लीप पॅरॅलिसिस म्हणतात आणि पुष्कळ लोकांना आयुष्यात एकदा तरी होतं. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू बंद ठेवतो, म्हणजे आपण स्वप्नात पळालो तरी पलंगावरून पळत नाही. कधी जाग आधी येते आणि ते कुलूप काही क्षण उशिरा उघडतं. स्वप्नाचा तुकडा डोळ्यांसमोर राहतो, म्हणून कोणीतरी दिसतं. जागरण झालं, परीक्षेचा ताण असला, उताणं झोपलं की जास्त. पण त्याबरोबर दिवसा आवरत नाही इतकी झोप येत असेल, किंवा खळखळून हसताना गुडघे लटके पडत असतील, तर नक्की दाखवा. तो नार्कोलेप्सी नावाचा निराळा आजार असू शकतो.

कुडाळची_चेडू | १० जून, सकाळी ७:३२

गुडघ्यांचं काही नाही. सात वर्षांनी पहिल्यांदा कोणीतरी हे नीट सांगितलं. आजीला फोन करून सांगते.

मृण्मयी_नारो | २८ जून, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आता आमचं पुढचं.

११ तारखेला लॅबमध्ये स्टडी झाली. तासाला ४७. रक्तातला ऑक्सिजन एका वेळी ७१ टक्क्यांपर्यंत उतरला होता. हा आकडा ऐकल्यावर यजमान पहिल्यांदा गप्प झाले, तोवर "तू उगाच घाबरतेस" असंच चाललं होतं.

मशीन (सीपॅप) आधी भाड्याने आणलं. सासूबाई दारातच रडायला लागल्या, "ऑक्सिजन लावायची वेळ आली का माझ्या पोराला?" त्यांना बसवून समजावलं की यात ऑक्सिजन नसतो, खोलीतलीच हवा थोड्या दाबाने आत सोडतात, त्या दाबाने घसा मिटत नाही. त्यांच्या हातावर ती हवा लावून दाखवली तेव्हा शांत झाल्या.

पहिल्या चार रात्री फार कठीण गेल्या. दुसऱ्या रात्री त्यांनी झोपेत मास्क ओढून फेकला. पोट फुगायचं, तोंडाला कोरड पडायची. मिशीमुळे कडेने हवा सुटून शीळ वाजायची. तंत्रज्ञाने नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क दिला, पाण्याची टाकी जोडली, दाब हळूहळू चढेल असं लावून दिलं. मास्क रोज सकाळी कोमट पाण्याने धुते, चेहऱ्याचं तेल लागलं की पकड सुटते. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, नाशिकच्या नळाने तळाशी थर धरला होता.

सातव्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "डोकं दुखत नाहीये." म्हणजे रोज दुखत होतं आणि तसंच असतं असं ते धरून चालले होते. रात्री आता एकदाच उठतात. बीपी परवा १३४. मशीनच्या कार्डावर तासाला ४७ चे ३ झालेत. गाडी अजून त्यांच्या हातात नाही, कंपनीच्या बसने जातात. डॉक्टरांनी महिन्यानंतर बघू म्हटलंय.

सूर्यनमस्कार१२, तुमचंही ऐकलंय. दोघं सकाळी चालायला जातो.

सूर्यनमस्कार१२ | २९ जून, सकाळी ६:००

वाचून फार बरं वाटलं ताई. ४७ हा आकडा वाचल्यावर सहा महिने थांबा म्हणालो होतो ते चुकलंच. मीही स्टडीची तारीख घेतली आहे. "जवळजवळ गेलं" म्हणजे नक्की किती गेलं, ते बायकोलाही सांगता येईना.

वाचनमात्र_साताऱ्याची | ३० जून, रात्री २:०५

आठ वर्षांपासून फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. धागा वाचून बाबांच्या खोलीत जाऊन बसले. घड्याळ लावलं. ३४ सेकंद, १९, ४१, २६. वही केली आहे. बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. नोकरीवर येईल म्हणून ते डॉक्टरांकडे यायला तयार होणार नाहीत. साताऱ्यात किंवा पुण्यात कुणाकडे जाऊ? आणि त्यांना कसं सांगू?

मृण्मयी_नारो | ३० जून, रात्री २:११

जागीच आहे. पुण्यातल्या डॉक्टरांचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. बाबांना नंतर सांग, आधी एक व्हिडिओ काढ आणि सकाळी चहाच्या वेळी त्यांना नुसता दाखव. आमच्याकडे वहीने काही झालं नव्हतं, व्हिडिओ बघितल्यावर ते स्टडीला तयार झाले. आणि सकाळची ड्युटी असेल तर आत्ताच फोन कर मला, नंबर व्यनित आहे.